घरगुती बिअर व खमिराचे कार्य

(महोत्सवाच्या व्याख्यानमालेत उमरखेड येथे दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर लिहिला गेला तेव्हा पुष्कळांच्या कपाळास आठ्या पडल्या असतील, ह्याचे मला नवल वाटत नाही. देवळाच्या महोत्सवात बिअर करण्याच्या विद्येची चर्चा कशासाठी, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. आणि तो उमरखेडात पडावा हे तर अधिकच साहजिक आहे. आपल्याकडे दारू तयार करणे म्हटले की डोळ्यांपुढे उभी राहते ती नाल्याकाठची हातभट्टी, मातीत पुरलेले सडव्याचे पिंप, आणि ज्या घरचा कर्ता पुरुष कापसाचे पैसे वाटेतच संपवून आला त्या घरातील विझलेली चूल. परंतु आपल्याच घरांतील मुले आज पुण्या-मुंबईस, कित्येक तर परदेशी, शिक्षणास व नोकरीस जातात. तेथे सुशिक्षित, देवभीरू, रविवारची मिस्सा न चुकविणारी कुटुंबे सुटीच्या दिवशी हौसेने घरी बिअर करितात, हे ती पाहतात. आणि आईबापांस विचारितात की, हे पाप आहे काय? ह्यास एका शब्दाचे उत्तर देणे सोपे आहे, पण ते प्रामाणिक होणार नाही. ती वस्तू कशी होते हे आधी पाहावे, मग तिजविषयी मत द्यावे, हा क्रम मला बरा वाटतो.

ह्या साऱ्या विद्येचा प्राण म्हणजे खमीर. हा शब्द आपणांस शुभवर्तमानातून परिचित आहे. तीन मापे पिठात स्त्रीने खमीर लपविले आणि ते सारे फुगले, हा दाखला संत मत्तयाने तेराव्या अध्यायात दिला आहे. खमीर म्हणजे डोळ्यांस न दिसणारे, एकाच पेशीचे जीव. साखर खाऊन ते दोन वस्तू बाहेर टाकितात : एक मद्यार्क, दुसरी कर्बवायू. पावात आपणांस वायू हवा असतो, मद्यार्क भट्टीच्या आचेने उडून जातो. बिअरमध्ये दोन्ही हवे असतात. जीव मात्र तोच. शास्त्रज्ञांनी त्यास सॅकरोमायसिस सेरेव्हिसी असे नाव दिले, आणि त्यातील दुसरा शब्द बिअरच्या लॅटिन नावावरून घेतला आहे. आपल्या वेदीवर बेखमीर भाकर आणि खमिरानेच सिद्ध झालेला द्राक्षारस ही दोन्ही शेजारी ठेवली जातात, हा योग मला नेहमी विचार करावयास लावितो.

द्राक्षाचा रस मुळातच गोड असतो, म्हणून तो ठेवला तरी आंबतो. धान्याचे तसे नाही. धान्यात पीठ असते, आणि खमिरास पीठ खाता येत नाही. त्या पिठाची साखर कोणीतरी करून द्यावी लागते. हे काम धान्य स्वतःच करिते, जर त्यास मोड आणिले तर. आपल्या माताभगिनींस हे सांगावयास नको. तान्ह्या मुलास नाचणीचे सत्त्व देतांना त्या नाचणी भिजवितात, मोड आणितात, वाळवितात व दळितात. बिअर करणारा हेच जवास, म्हणजे सातूस, करितो आणि त्यास मॉल्ट म्हणतो. मोडांत एक पाचक द्रव्य असते. ह्या मॉल्टचा जाडाभरडा कोंडा ६५ ते ६७ अंश उष्णतेच्या पाण्यात तासभर ठेविला की त्या द्रव्याच्या योगाने पिठाची साखर होते. उष्णता फार वाढली तर हे द्रव्य मरते, फार कमी राहिली तर काम अर्धवट राहते. म्हणून येथे अंदाजाने चालत नाही, उष्णतामापक लागतो. वीस लिटर बिअरीस साधारण चार-पाच किलो मॉल्ट पुरतो. जो गोड काढा मिळतो तो गाळून तासभर उकळितात व त्यात हॉप नामक वेलीची फुले टाकितात. ह्या फुलांच्या कडूपणाने चव येते आणि पेय नासत नाही. बाराव्या शतकातील मठवासिनी संत हिल्डेगार्ड ह्यांनी आपल्या वनस्पतिग्रंथात हॉपचा हा गुण नोंदविला आहे. त्याच ठिकाणी हॉपमुळे माणसाच्या मनास उदासी येते असेही त्यांनी लिहिले आहे, हे हौशी मंडळी सहसा सांगत नाहीत.

उकळी संपली की काढा झटपट थंड करावयाचा. कोमट, गोड, उघडा काढा म्हणजे हवेतील प्रत्येक जंतूस दिलेले आमंत्रण. येथून पुढे ज्या ज्या भांड्याचा, नळीचा, चमच्याचा त्यास स्पर्श होईल ते सर्व आधी घासून स्वच्छ केलेले आणि मग निर्जंतुक केलेले असले पाहिजे. घासणे व निर्जंतुक करणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि पहिले झाल्यावाचून दुसरे होत नाही. जाणते लोक म्हणतात की बिअर करणाऱ्याचा अर्ध्याहून अधिक वेळ भांडी धुण्यात जातो. हे शब्दशः खरे आहे.

आता विरजणाविषयी. बाजारात मिळणारे खमीर थोडे असते, किंवा फार दिवस पडून अशक्त झालेले असते. ते एकदम वीस लिटर काढ्यात टाकिले तर ते वाढावयास दिवस-दोन दिवस घेते, आणि तेवढ्या अवधीत दुसरे जंतू घर करून बसतात. यास्तव आधी लहान प्रमाणात त्यास वाढवितात. एक लिटर पाण्यात सुमारे शंभर ग्रॅम सुक्या मॉल्टचा अर्क घालून दहा-पंधरा मिनिटे उकळावे, निववावे, त्यात खमीर सोडावे, तोंडावर सैल झाकण ठेवावे आणि येता-जाता भांडे हलवावे. एक-दोन दिवसांत तळाशी दुधाच्या सायीसारखा पांढरट थर जमतो. ते जिवंत सैन्य. दह्याच्या कवडीने हंडाभर दूध लागते तसेच हे. ह्या विरजणात खमिराची वाढ करावयाची असते म्हणून त्यास हवा लागते. पुढे मोठ्या भांड्यात आंबणे सुरू झाले की मात्र हवा वर्ज्य. तेथे झाकणास पाण्यात बुडविलेली एक नळी लावितात. आतला वायू बुडबुडे काढीत बाहेर येतो, बाहेरची हवा आत जात नाही. नवख्या माणसाची सारी रात्र ते बुडबुडे मोजण्यात जाते असे म्हणतात.

ह्या कामी आपल्या गावाचा शत्रू म्हणजे उन्हाळा. बिअरीच्या सामान्य खमिरास १८ ते २० अंश उष्णता मानवते. थंड जातीच्या बिअरीस तर ८ ते १२ अंश लागते. वैशाखात येथे पारा चाळीस अंशांच्या वर जातो. तिशीच्या पलीकडे हे खमीर बेफाम काम करिते आणि अशी जड द्रव्ये निर्माण करिते की पेयास रंगाच्या डब्यासारखा वास यावा व दुसऱ्या दिवशी डोके दुखावे. ओले पोते भांड्याभोवती गुंडाळून, आपण माठ थंड ठेवितो त्या न्यायाने, काही अंश उतरतात, पण तेवढे पुरत नाही. नॉर्वेच्या पश्चिम भागातील शेतकऱ्यांपाशी मात्र क्वाइक नावाचे एक घराणेदार खमीर आहे, ते ३५ ते ४० अंशांतही उत्तम काम करिते. इतक्या थंड देशात इतके उष्ण खमीर कसे, हे एक कोडेच वाटते. पण तेथे काढा कोमट असतांनाच खमीर घालण्याची चाल होती, आणि पिढ्यानुपिढ्या जे तगले ते त्या उष्णतेस सरावले. ती माणसे हे खमीर लाकडी कड्यांवर किंवा कापडावर वाळवून जपून ठेवीत. एखाद्या घरचे बिघडले तर शेजारच्या घरून मागून आणीत. आपल्याकडे विरजण मागावयास वाटी घेऊन जाणारी मुलगी मला येथे आठवते.

दहा-चौदा दिवसांनी आंबणे संपते. संपले हे बुडबुड्यांवरून ठरवू नये, मापावरून ठरवावे. दुधात पाणी आहे काय हे पाहावयास डेअरीत जो लॅक्टोमीटर बुडवितात, त्याच जातीचा घनतामापक येथे लागतो. गोड काढ्याचा आकडा समजा १.०५० होता आणि तो उतरून १.०१० वर आला, तर साखरेचा मोठा भाग संपला व सुमारे पाच टक्के मद्यार्क झाला. हाच आकडा दोन-तीन दिवस जागचा हलला नाही म्हणजे बाटल्या भराव्या.

बाटली भरणे हे शेवटचे आणि धोक्याचे काम. आंबून झालेली बिअर सपक असते, तीत फेस नसतो. म्हणून भरतांना दर लिटरी सहा-सात ग्रॅम साखर पाण्यात उकळून त्यात मिसळितात. शिल्लक राहिलेले खमीर ती खाते, आणि आता बूच घट्ट असल्याने वायू पेयातच विरघळतो. दोन आठवड्यांत फेस तयार. परंतु जो मनुष्य उतावीळ होऊन आंबणे पुरे होण्याच्या आधीच बाटल्या भरितो, किंवा साखर मोजण्याऐवजी मुठीने घालितो, त्याच्या बाटल्या फुटतात, आणि त्या काचेचे तुकडे भिंतीत रुतल्याची उदाहरणे आहेत. बाटल्या जाड काचेच्याच व तपकिरी रंगाच्या घेतात. कारण उजेडाने हॉपमधील कडू द्रव्य बिघडून दुर्गंधी येते. एवढे सोसून जे हाती येते ते थंड करून, गाळ तळाशी ठेवून, हळूच पेल्यात ओतितात. एका पेल्यासाठी महिना-सव्वा महिना. ज्यास नशाच हवी त्याने इतका खटाटोप केला नसता, हे ध्यानात घ्यावे.

हे सारे शास्त्र मठांच्या आश्रयाने वाढले, हे आपणांपैकी काहींनी ऐकिले असेल. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट ह्यांनी आपल्या नियमावलीत मठवासीयास दिवसाला किती द्राक्षारस द्यावा ह्याचे माप ठरविले. मनाई केली नाही, माप ठरविले. उत्तर युरोपात द्राक्षे होत नाहीत, तेथे बिअर आली. स्वित्झर्लंडातील सेंट गॅल मठाच्या ग्रंथालयात सुमारे ८२० सालचा एका आदर्श मठाचा आराखडा आजही जतन केलेला आहे. त्यात बिअर करण्याची तीन ठिकाणे दाखविली आहेत : एक मठवासीयांसाठी, एक मोठ्या पाहुण्यांसाठी, आणि एक यात्रेकरू व गोरगरिबांसाठी, आणि ती पाव भाजण्याच्या जागेला लागून आहेत. खमीर एकच, म्हणून भिंतही एकच. रोमन विधिग्रंथात बिअरीवर म्हणावयाची आशीर्वादाची एक छोटी प्रार्थनाही आहे. बेल्जममधील ट्रॅपिस्ट मठांत अद्याप बिअर होते व तिच्या उत्पन्नावर मठ आणि धर्मादाय कार्ये चालतात. वेस्टव्हलेटेरेनचे मठवासी तर मागणी कितीही असली तरी आपल्या गरजेपुरतीच करितात.

हे मठवासी खमिरास ओळखीत नव्हते, हीही एक गंमतच. १५१६ साली बव्हेरियात बिअरीच्या शुद्धतेचा जो कायदा झाला त्यात जव, हॉप व पाणी एवढीच नावे आहेत. ज्याने सारे काम केले त्याचा उल्लेख नाही. १८५७ पासून लुई पाश्चर ह्यांनी आंबणे हे जिवंत पेशींचे कार्य असल्याचे दाखविले, १८७६ साली बिअरीवर ग्रंथ लिहिला, आणि बिअर नासते ती इतर जंतूंमुळे हे सिद्ध केले. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हॅन्सन ह्यांनी एकाच पेशीपासून शुद्ध खमीर वाढविले, आणि त्या कारखान्याने ते इतरांस मोकळ्या हाताने वाटले. दूध तापवून टिकविण्याची जी रीत आपण पाश्चरच्या नावाने ओळखितो, तीदेखील मुळात द्राक्षारस व बिअर ह्यांच्याच अभ्यासातून निघाली.

आपल्या देशास ही विद्या परकी आहे असे मात्र कोणी समजू नये. कौटिलीय अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात उडदाचा लगदा, तांदूळ व काही वनस्पती ह्यांपासून किण्व, म्हणजे विरजणाचा गोळा, कसा करावा हे प्रमाणासह दिले आहे. त्याहून लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की राज्याचा मक्ता असूनही कुटुंबवत्सल गृहस्थास कार्यप्रसंगी श्वेतसुरा व औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मुभा तेथे दिली आहे. वैद्यांच्या आसव-अरिष्टांत धायटीची फुले पडतात ती खमिराचेच काम करितात. ती झुडपे आपल्या डोंगरांतही आहेत. आणि मोहाविषयी काय सांगावे! गोंड व कोलाम बांधवांच्या घरी मोहाचे फूल हे अन्न आहे, देवाचा नैवेद्य आहे. त्याच्या पेयास त्यांच्या विधींत स्थान आहे. त्याची निंदा करणारा मी कोण? निंदा करावयाची ती त्याच फुलाचा सडवा करून, त्यात नवसागर व आणखी नको ते घालून, उधारीवर विकणाऱ्या धंद्याची.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. विषारी दारूने माणसे मरतात ती आंबण्यामुळे मरत नाहीत. धान्याच्या बिअरीत मिथेनॉल नावाचे विष नगण्य असते. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईतील मालवणी येथे शंभरावर माणसे मेली, त्यांच्या दारूत कारखान्यांत वापरावयाचे मिथेनॉल मिसळलेले होते. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते, प्रथम दृष्टी जाते, मग प्राण जातो. दारू प्याल्यावर कोणास धुके दिसू लागले तर झोपवून ठेवू नये, तत्काळ दवाखान्यात न्यावे. आंबविलेले पेय भट्टीवर चढवून त्याचा अर्क काढणे ही क्रियाही निराळीच. घरी बिअर करणारे ती करीत नाहीत, आणि ज्या देशांत घरगुती बिअरीस मोकळीक आहे तेथेही घरी अर्क गाळण्यास बहुधा मनाईच असते.

आता कायद्याची गोष्ट. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरगुती बिअरीस परवाना लागत नाही. अमेरिकेत १९७८ साली अध्यक्ष कार्टर ह्यांनी सही केलेल्या कायद्याने ती मोकळी झाली. तेथेही वर्षाचे माप ठरलेले आहे आणि विक्रीस बंदी आहे. आपल्या राज्यात तसे नाही. १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा, ज्यास आता महाराष्ट्राचे नाव मिळाले आहे, तो परवान्यावाचून मद्य तयार करण्यास मनाई करितो. मग ते वीस लिटर असो वा एक बाटली, विकावयास असो वा स्वतःच्या जेवणाबरोबर घ्यावयास. पुण्यात २००९ पासून डूलालीसारखी लहान मद्यगृहे निघाली ती रीतसर परवाना घेऊन. आपल्या शेजारच्या वर्ध्यात दारूबंदी आहे. गडचिरोलीत ती १९९३ साली आली. चंद्रपुरात २०१५ साली आली व २०२१ साली उठली. ह्यांतील कोणता मार्ग बरा ह्यावर विद्वानांत मतभेद आहेत, आणि माझे मत येथे विचारलेले नाही.

पण मूळ प्रश्न विचारला गेला आहे, त्यास टाळता येणार नाही. परदेशी असलेला मुलगा तेथील कायद्याने मोकळीक असता, मापात, घरच्यांसमक्ष बिअर करितो, ते पाप आहे काय? माझे उत्तर, नाही. धर्मसभेच्या शिकवणुकीत मद्य स्वभावतः अपवित्र मानलेले नाही. कानागावीच्या लग्नात प्रभूने सहा रांजण पाण्याचे काय केले हे लहान मूलही सांगेल. धर्मशिक्षणग्रंथाचा २२९० वा परिच्छेद अतिरेकास दोष देतो, आणि धुंदीत दुसऱ्यांचे प्राण धोक्यात घालणाऱ्यास गंभीर दोष देतो. तोच मुलगा उमरखेडास परत येऊन माडीवर पिंप मांडील, तर मात्र माझे उत्तर बदलेल. आणि ते केवळ कायद्याच्या भीतीने नव्हे. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात, ज्या पेयाने आपला भाऊ अडखळतो ते वर्ज्य करण्यास सांगितले आहे. ज्या गल्लीत एका घरी हौस आणि पलीकडच्या तीन घरी त्याच वस्तूने झालेली होळी, तेथे त्या हौसेचा वास भिंतीपलीकडे जातो. दारू सोडून सहा महिने झालेला मनुष्य त्या भिंतीपलीकडे राहत असेल, तर त्याचे काय? ज्या जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर घेतले जाते, त्या जिल्ह्यात आपण हे विसरून कसे चालेल? मात्र तिकडे वेगळ्या परिस्थितीत वेगळे वागणाऱ्या मुलास येथे बसून आपण पापी ठरवू नये, इतकेच मी त्याच्या आईस सांगेन.

ती विद्या वाया घालवावी असे मात्र माझे म्हणणे नाही. विरजण वाढविणे, उष्णता सांभाळणे, भांडी निर्जंतुक ठेवणे, घाई न करणे, हे सारे शिकावयास मद्यार्क लागत नाही. गोव्यातील पोदेर ताडीने पाव फुगवीत, आणि तो पाव रोज सकाळी घरोघर जाई. आपणांस ताडीही नको. गव्हाचे पीठ व पाणी समभाग घेऊन काचेच्या बरणीत ठेवावे, रोज अर्धे काढून टाकून तितकेच नवे घालावे. थंडीत आठवडा, आपल्या उन्हाळ्यात चार-पाच दिवस, की पिठात बुडबुडे येऊन ते दुप्पट फुगू लागते व आंबट-गोड वास सुटतो. गुलाबी किंवा नारिंगी छटा दिसली, अथवा बुरशी आली, तर सारेच फेकून बरणी उकळत्या पाण्याने धुवावी व पुन्हा आरंभ करावा. जमले, तर त्याच विरजणाने घरच्या तंदुरात किंवा झाकण ठेवलेल्या जाड पातेल्यात पाव भाजता येतो.

असे एक विरजण सभागृहाच्या दाराशी मेजावर ठेविले आहे. ज्या भगिनींस हवे असेल त्यांनी येत्या रविवारी मिस्सेनंतर धुऊन कोरडी केलेली बरणी आणावी. झाकण सैल असावे, नाहीतर घरी पोहोचण्याच्या आत ते उडेल.